अढी

नोव्हेंबरात मर्सिनहून ट्रक निघतात,
टॉरसचा घाट पहिल्या गिअरमध्ये, रात्रभर.
ऑर्ताहिसारला पोचेतो पहाट.
आम्ही सहा बायका गुहेच्या तोंडाशी
शालीत हात खुपसून उभ्या.
फळका पडतो. लिंबं हिरवीच असतात अजून,
टणक, जाड कातडीची,
कुणाशी बोलायचं नाही असं ठरवून आल्यासारखी.

फेरामुझशेठ एक उचलतो, नखानं खरवडतो, हुंगतो,
आणि ट्रकवाल्याच्या तोंडावर भाव पाडतो.
हंगामात घ्यावं, बेहंगामात विकावं
एवढीच त्याची विद्या.
बाकीची या डोंगराची.

डोंगर मऊ. खडक कसला, थिजलेली राख ती,
सासऱ्यांनी कुदळीनं कोरत नेली आत आत.
इथं उन्हाळा नाही, हिवाळा नाही.
बाहेर गुडघाभर बर्फ साचतो
तेव्हा आम्ही आत शाली काढून ठेवतो.
पेट्यांवर पेट्या,
मधून माणूस आडवा सरकेल एवढी वाट,
वर एक भोक, त्यात नाण्याएवढं आभाळ.

लिंबं इथं झोपतात.
आमच्याकडे त्यांना म्हणतातच अंथरुणातली लिंबं.
झोपेतच पिवळी होतात,
कातडी पातळ होत जाते, रस वाढतो.
(माणसाची कातडी पातळ झाली
की रस वाढतो, असं काही
मला अजून दिसलेलं नाही.)

दर महिन्याला पेटी न् पेटी उपसायची.
एकेक लिंबू हातात घ्यायचं, फिरवायचं,
दाबायचं नाही.
देठापाशी करडा ठिपका दिसला की बाजूला.
एक नासलं की शेजारचं नासतं, मग त्याच्या शेजारचं,
हे कळायला शाळा लागत नाही.
बोटांच्या चिरांत रस जातो.
हातुन शिव्या देते. मी मोजत राहते.
नासकी घरी न्यायची मुभा आहे,
म्हणून जानेवारीत माझ्या घरी सगळं लिंबाचंच:
अर्धं कापून फेकलेलं,
उरलेल्या अर्ध्याचा मुरंबा.

माझं नाव येतेर. म्हणजे पुरे.
तीन मुलींच्या पाठीवर मी झाले
तेव्हा बापानं देवाला धाडलेला निरोप तो.
देवानं तो अर्धाच वाचला असावा.
पुढे मुलगे झाले, पहिले दोन राहिले नाहीत.
तिसऱ्याचं नाव ठेवलं दुरमुश, म्हणजे टिकला.
टिकला.
तोच तो ट्रकवाला, ज्याचा दरवर्षी भाव पाडतात.
मी तेव्हा मान खाली घालून पेट्या मोजते.
अढी फळांची घालावी, मनात धरू नये,
आई म्हणायची.
आईला काय,
तिनं कधी पेट्या मोजल्या नाहीत.

जुलैत नेवशेहिरच्या बाजारात गेले होते,
धाकटीच्या साखरपुड्याच्या सरबतासाठी.
गाड्यावर लिंबांचा डोंगर, वर पुदिन्याची जुडी,
पोरगा ओरडतोय: काल झाडावरून उतरवली, काल!
एक उचललं.
एका अंगाला फळीनं चपटलेलं,
कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
हाताला सवय, फिरवलं.
आठ महिने अंधारात होतं हे.
कदाचित माझ्याच हातून पाचदा गेलेलं.
कदाचित नसेलही, लिंबू काही ओळख देत नाही.
भाव विचारला.
दोन किलोला माझी अर्ध्या दिवसाची मजुरी.

मी काही बोलले नाही.
खरं सांगून त्या पोराचा धंदा कशाला मोडा,
तो काय फेरामुझशेठ आहे?
त्यानं पिशवीत टाकली, काटा पाहिला,
आणि मान वर न करताच विचारलं,
येतेर?

एवढ्या गर्दीत कुणी नावानं हाक मारली
म्हणून मी दचकले.
मग हसूच आलं.

नाही, म्हटलं, टाक अजून दोन.
ते नको.
त्याच्या देठापाशी बघ.